लेकीच्या नर्सिंग प्रवेशाची फाइल

माझ्या लेकीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा गावात ज्यानं त्यानं एकच विचारलं, "मार्क किती पडले?" मार्क बरे होते. मार्कांनी आमचं कुठं अडलंच नाही. अडलं ते कागदांनी, आणि कागदांचं कुणी विचारत नाही, आधी सांगत तर नाहीच. म्हणून हे लिहायला घेतलंय. ज्यांची पोरगी आता अकरावी सायन्सला आहे त्या आईबापांसाठी, आणि थोडं माझ्यासाठीही. त्या दोन वर्षांत आमच्या घरानं जे केलं ते मला विसरायचं नाही.

मी खटाव तालुक्यात, औंधच्या पलीकडच्या एका गावात आशा म्हणून काम करते. मालक शेती बघतात, दारात दोन म्हशी. ही पोरगी थोरली, पाठीवर तिचा भाऊ. घरात आत्या आहेत, म्हणजे माझ्या सासूबाई.

नर्सिंगचं तिच्या डोक्यात आलं ते दहावीच्या सुट्टीत. आमच्या उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं आणि तिथं सीएचओ मॅडम आल्या. सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. काही गावांना आयुर्वेदाचे डॉक्टर मिळाले, आम्हाला बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मॅडम मिळाल्या. एका दुपारी मी आठव्या महिन्यातल्या एका गरोदर बाईला घेऊन केंद्रात गेले. दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं, पायावर सूज होती. घरचे म्हणत होते, उन्हानं झालं असेल. रजिस्टरं धरायला म्हणून पोरगी माझ्याबरोबर होती. मॅडमनी बीपी घेतलं, 160/110. पाच मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच. लघवी तपासली, प्रोटीन निघालं. मग त्यांचा आवाज एकदम हळू झाला. त्या बाईला म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही." एकीकडं 108 ला फोन, दुसरीकडं मेडिकल ऑफिसरना फोन, आणि त्यांना विचारून, झटके येऊ नयेत म्हणून, दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. गाडी येईपर्यंत मॅडम तिचा हात धरून बसल्या. बाई आणि बाळ दोघंही वाचली.

घरी येताना पोरीनं विचारलं, "आई, त्या डॉक्टर आहेत का?"

"नाही गं. नर्सिंगची डिग्री आहे त्यांची."

त्यावर ती काही बोलली नाही. पण अकरावीला तिनं सायन्स घेतलं आणि गणिताचा विषय सोडून जीवशास्त्र ठेवलं.

घरात बोलणी झाली. दीर म्हणाले, नर्सच करायचीय तर एएनएम करा, दोन वर्षांत मोकळी होईल. माझा भाऊ म्हणाला, जीएनएम बरं, तीन वर्षांचं. दोघांच्या मनात चांगलंच होतं. मी मॅडमना विचारलं. त्यांनी मला वहीत लिहून दिलं. एएनएम, जीएनएम हे डिग्रीच्या खालचे नर्सिंगचे कोर्स. एएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. खुल्या गटाला तिन्ही शास्त्रांत मिळून 45 टक्के, आरक्षणातल्यांना 40. वय त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण. पुढं एम.एस्सी. करता येतं, सीएचओ होता येतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला डिग्रीवाली लगेच बसते, जीएनएमवालीला आधी पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. हे वाचून मी ठरवलं, एक वर्ष जास्त लागलं तर लागू दे.

मग मॅडमनी विचारलं, "ताई, व्हॅलिडिटी काढलीय का?"

जातीचा दाखला होता, आम्ही माळी, ओबीसी. मला वाटायचं तेवढ्यावर भागतं. भागत नाही. प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह करायचा असतो. ज्यांच्या घरात आधी कुणाची व्हॅलिडिटी झालेली आहे त्यांचं सोपं असतं, चुलत्याचं किंवा आत्याचं प्रमाणपत्र जोडायचं. आमच्यात कुणीच इतकं शिकलं नव्हतं, त्यामुळं आमची सुरुवात शून्यातून. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊन आठ वर्षं झाली होती.

आत्या म्हणाल्या, "शाळंत गेल्ते की. पर लई न्हाई."

गावच्या शाळेत मी आणि पोरगी गेलो. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पानं इतकी ठिसूळ की गुरुजी ती बोटानं न उलटता पोस्टकार्ड आत सारून उलटत होते. 1953 च्या पानावर नोंद सापडली. निळी शाई पुसट होऊन तपकिरी झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. नाव गणू, बापाचं नाव, जात हिंदू माळी, जन्मतारीख. मी जात बघून सुटकेचा श्वास टाकला. पोरगी तशीच आडवं वाचत शेवटच्या रकान्यापर्यंत गेली होती. तिथं लिहिलं होतं, इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याचे कारण, गुरे राखणेस.

ती बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून उभी होती. गुरुजींनी उतारा लिहून दिला, शिक्का मारला. घरी येऊन तिनं तो आत्यांना वाचून दाखवला. आत्या एवढंच म्हणाल्या, "व्हय. आठ गुरं व्हती."

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, बार्टी या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर. वंशावळीचं शपथपत्र नमुना 3, कागद खरे असल्याचं शपथपत्र नमुना 17, पोरीचा आणि वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा उतारा. हे सगळं अपलोड करून, प्रिंट घेऊन, साताऱ्याला समितीकडं नेऊन दिलं. वडूज-सातारा एस.टी.नं त्या वर्षात मी किती खेपा केल्या ते मोजलं नाही, पण पुसेगाव आणि कोरेगावच्या मधला प्रत्येक थांबा मला पाठ झाला.

तीन महिन्यांनी मोबाइलवर मेसेज आला, अर्जात त्रुटी. शाळेच्या रजिस्टरला नाव गणू, आणि मालकांच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, सगळीकडं गणपत. गणू आणि गणपत एकच माणूस कशावरून? गावात कुणालाही विचारा, असं तोंडात आलं होतं. पण कागदाला कागदच लागतो, आणि मला ते पटतं, कारण मीही रजिस्टर भरते. एका बाळाचं नाव दोन जागी दोन लिहिलं तर लसीचा हिशोब चुकतो.

पंधरा दिवस मी घरातली ट्रंक, बँकेचं पासबुक, सोसायटीचं खातं, सगळं उपसलं. सगळीकडं गणपत. शेवटी आमच्या तलाठी आप्पांनी सुचवलं, "वहिनी, तुमच्या आजेसासऱ्यांच्या मयतीनंतरचा वारसाचा फेरफार बघा. तेव्हा वारसांची नावं घरात हाक मारतात तशी सांगायचे लोक, आणि लिहिणारा दोन्ही लिहायचा." तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून फेरफाराची नक्कल मागितली. आठवड्यानं मिळाली. वारसांच्या यादीत दुसरंच नाव होतं, "गणू ऊर्फ गणपत". त्या एका 'ऊर्फ'साठी मी तिथल्या तिथं डोळ्याला पदर लावला. नक्कल आणि नावाचं शपथपत्र जोडून त्रुटी पूर्ण केली. व्हॅलिडिटी हातात आली तेव्हा पोरगी बारावीच्या पहिल्या सहामाहीत होती. अर्ज केल्यापासून सात महिने लागले.

अकरावीतल्या मुलांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आजच आजोबांच्या शाळेत जा. बारावीचा निकाल लागल्यावर हे होत नाही.

एवढं करूनही एक चूक माझ्या हातून झालीच. सगळं वेळेत असावं म्हणून मी ऑगस्ट 2024 मध्येच नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, काढून ठेवलं होतं, फाइलला लावलं होतं. जून 2025 मध्ये कागदांची यादी बघताना पोरीनं विचारलं, "आई, ह्याच्यावर 31 मार्च 2025 पर्यंत वैध लिहिलंय. आपल्याला 31 मार्च 2026 पर्यंतचं पाहिजे ना?" माझ्या पोटात गोळा आला. परत उत्पन्नाचा दाखला, परत सेतू, परत प्रांत कार्यालय. सर्व्हर दोन दिवस बंद. नवीन दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी मिळाला. नॉन-क्रिमीलेयर लवकर काढून काही उपयोग नसतो, ते एप्रिल उजाडल्यावर काढायचं.

परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग पोरीनं एकटीनं ओढला. 2023 पासून आपल्या राज्यात बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी होते. कॉम्प्युटरवर शंभर प्रश्न, दीड तास. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी वीस. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लास लावला नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं, मॅडमच्या नोट्स, आणि इंग्रजीसाठी रोज रात्री एक उतारा मोठ्यानं वाचायचा. तिला ऐकायला आत्या बसायच्या. त्यांना एक अक्षर कळायचं नाही, पण अडखळली की "पुन्यांदा वाच" म्हणायच्या. एप्रिलमध्ये सीईटी झाली, 5 मे ला बारावीचा निकाल लागला. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. 84 आले. नातेवाइकांना ते 84 टक्के वाटले आणि पेढे मागायला लागले. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या 84 जणांच्या पुढं असणं, हे मी दहा घरी समजावून सांगितलं, आणि पेढेही दिले.

सीईटी दिली की झालं असं बऱ्याच जणींना वाटतं. आमच्या भागातल्या दोन मुलींचं असंच झालं. परीक्षा दिली, चांगले मार्क मिळाले, आणि घरी वाट बघत बसल्या की कॉलेजकडून पत्र येईल. सीईटीची नोंदणी वेगळी आणि प्रवेशाची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी. ती परत करायची, पैसे परत भरायचे, कागद परत अपलोड करायचे. आमची नोंदणी करून देणाऱ्या माणसानं घाईत त्याचाच मोबाइल नंबर टाकायला घेतला होता. पोरीनं थांबवलं. तो नंबर गेला असता तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडं गेले असते. स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा.

त्याच दिवसांत एक गृहस्थ घरी आले. कुणाकडून नंबर मिळाला कुणास ठाऊक. म्हणाले, "सीईटी-बिईटीच्या मागं कशाला लागता, कर्नाटकात सीट करून देतो, पन्नास हजार आत्ता द्या." मालक क्षणभर विचारात पडले, मी बघितलं. दगदगीला तेही कंटाळले होते. मी त्यांच्याकडं कॉलेजचं नाव मागितलं, भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का विचारलं, यंदाच्या संलग्नतेचं पत्र मागितलं. "ते नंतर बघू" म्हणाले. मी चहा दिला आणि निरोप दिला.

कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठाचं आणि सांगलीच्या भारती विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज आमच्या सगळ्यांच्या तोंडी असतं, जवळचीच आहेत. पण दोन्ही अभिमत विद्यापीठं. त्यांचा प्रवेश वेगळा आणि फीचं गणितही वेगळं. 8 जुलै 2024 ला राज्य सरकारनं निर्णय काढला. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे, आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. आमच्यासाठी हा निर्णय म्हणजे दार होतं. त्यामुळं कॅपमधलं, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं कॉलेजच बघायचं ठरलं.

पसंतीक्रम भरायच्या आधी आम्ही तीन कॉलेजं प्रत्यक्ष बघून आलो. हे मॅडमनीच बजावलं होतं, "ताई, वर्ग आणि हॉस्टेल नंतर बघा. आधी वॉर्ड बघा."

एका कॉलेजची इमारत काचेची, खाली कारंजं. लॅबमध्ये सरावाचे पुतळे प्लास्टिकच्या पिशवीतच होते, पिशवीची टेप न उघडलेली. हॉस्पिटल कुठाय विचारल्यावर शेजारच्या इमारतीत नेलं. वॉर्डात बारा खाटा आणि बाराही रिकाम्या. चादरींना घडीच्या रेघा तशाच. सलाइनच्या एका स्टँडच्या चाकाला कोळ्यानं जाळं धरलेलं. मी आशा आहे, बाळंतिणींबरोबर रात्री-रात्री वॉर्डात बसलेय. वॉर्डाला एक वास असतो, फिनेल, डेटॉल, डब्यातली भाकरी, माणसं. इथं नव्या रंगाचा वास होता. शिकणार कुणावर?

आमच्या भागात आजार हाताबाहेर जायला लागला की म्हातारी माणसं म्हणतात, "मिरजेला न्या." साताऱ्याची पूर्व बाजू काय, सांगली काय, कर्नाटकातली माणसंही पिढ्यान् पिढ्या मिरजेला येतात. डॉक्टर वानलेस यांनी तिथं 1894 मध्ये हॉस्पिटल काढलं, त्याला लोक अजून मिशन हॉस्पिटलच म्हणतात, आणि त्याच्या अवतीभवती सगळं गावच दवाखान्यांचं झालं. मिरजेच्या बाजूच्या एका कॉलेजला आम्ही गेलो. इमारत जुनी, भिंतीला पावसाची ओल. पण हॉस्पिटलच्या जिन्यात नातेवाईक डबे सोडून बसलेले, वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते, अर्धांगवायू झालेले. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्यांच्याजवळ वाकून म्हणाली, "आजोबा, मी आता तुम्हाला या कुशीवर वळवतेय हं." ते बोलू शकत नव्हते, तरी तिनं सांगितलं. एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं, हळूच वळवलं. पाठीला उशी दिली, दोन गुडघ्यांच्या मधे चादरीची घडी ठेवली, टाच गादीला घासू नये म्हणून खाली कापड सरकवलं. मग कमरेवरचं लाल झालेलं कातडं बघितलं आणि खाटेच्या कागदावर वेळ लिहिली. दोन तासांनी परत वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखमा होतात.

पोरगी दारातून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे वर टाकायचं."

पसंतीच्या यादीत आधी मुंबई-पुण्याची सरकारी कॉलेजं टाकली, मिळाली तर सोनंच. सहाव्या क्रमांकाला मिरजेकडचं. खाली आणखी बारा. काचेच्या इमारतीचं नाव टाकलंच नाही.

पहिल्या फेरीत नाव लागलं ते सोलापूरच्या बाजूच्या कॉलेजात, आमची अकरावी पसंती. लांब होतं, पण वाईट नव्हतं. नियम समजून घ्यायला एक संध्याकाळ गेली. जाऊन प्रवेश घ्यायचा. तिथंच राहायचं असेल तर रिटेन्शनचा फॉर्म भरून द्यायचा, मग पुढच्या फेरीतून नाव निघतं. फॉर्म नाही दिला तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज लागू शकतं, पण लागलं की आधीचा प्रवेश आपोआप जातो, मग मागं फिरता येत नाही. तिथल्या क्लार्कनं तो फॉर्म बाकीच्या कागदांतच सहीसाठी पुढं केला होता. पोरीनं वाचलं आणि बाजूला ठेवला. "हा आम्ही भरणार नाही," असं तिनं शांतपणे सांगितलं. अठरा वर्षांची पोरगी माझी. मला तिथं कळलं की ती मोठी झाली.

दुसऱ्या फेरीत मिरजेकडचं कॉलेज लागलं. आनंद झाला, आणि लगेच धावाधाव. दुसऱ्या कॉलेजात हजर व्हायला दोन दिवस होते आणि मूळ कागद पहिल्या कॉलेजात. मी आणि पोरगी पहाटे निघालो. अकराला तिथं पोचलो तर म्हणाले, साहेब मीटिंगला गेलेत, कागद कपाटात, किल्ली साहेबांकडं. एक वाजला, तीन वाजले. मधे एकजण येऊन म्हणाला, "इथंच राहा की, हॉस्टेलला सवलत देतो." मी म्हणाले, "दादा, पोरगी ज्याची वाट बघत होती ते तिला मिळालंय, तेवढे कागद द्या." साडेपाचला किल्ली आली. मी तिथंच बाकावर एक एक कागद मोजून घेतला. दहावी, बारावी, सीईटीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, मेडिकल फिटनेस. एकूण नऊ कागद. प्रवेश सोडल्याचं पत्र वेगळं.

रात्रीच्या गाडीनं सोलापूरहून सांगोल्यावरून मिरज. फाइल पिशवीत, पिशवी दोघींच्या मधे, तिच्यावर दोघींचे हात. मिरज स्टँडला पहाटे उतरलो, तोंड धुतलं, वडापाव खाल्ला. नऊ वाजता कॉलेजच्या दारात आमचाच पहिला नंबर.

शिक्षण शुल्क शून्य लागलं, त्यासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा होता. हॉस्टेल, मेस, गणवेश, पुस्तकं मात्र आपली. त्या दिवशी भरायला 32 हजार लागले. बचत गटातून काढलेले 20 आणि म्हशीच्या दुधाचे साठवलेले 12. ओबीसी मुलांना बाहेरगावी राहून शिकायला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिचाही अर्ज नंतर भरला. सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळ्याजवळच्या नायगावच्या. अर्जावर ते नाव लिहिताना पोरीनं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं होतं.

कागद तपासणाऱ्या मॅडमनी व्हॅलिडिटी उलटसुलट बघितली आणि विचारलं, "घरात पहिलीच का?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "हिच्या धाकट्या भावाला आता त्रास नाही. हिचीच जोडायची." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दीरांच्या पोरांनाही तीच लागेल.

निघताना पोरगी हॉस्टेलच्या जिन्यापर्यंत आली. रडली नाही, मीच रडले. तिनं विचारलं, "आई, कॉलेज इथं आणि डिग्री नाशिकची, मग नाशिकला जायला लागतं का गं?" मी म्हणाले, "मला नाही माहीत. तू विचारून मला सांग." परत येताना तासगाव, विटा, मायणी करत एस.टी. वडूजला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

संक्रांतीला ती चार दिवस घरी आली. बॅगेत स्टेथोस्कोप आणि बीपीचं मशीन, मैत्रिणीशी अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलेलं. आल्या दिवशी आत्यांना खुर्चीवर बसवलं, पाठ टेकवून, पाय जमिनीला, हात टेबलावर. पाच मिनिटं बोलू दिलं नाही. मग पट्टा बांधला. 156/94. परत घेतलं, 152/92. मी काळजीत पडले. गावातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा फॉर्म मी भरलाय, रक्तदाब-साखरेचा. घरातल्या म्हातारीला मात्र, "मला काय धाड भरलीय" म्हणाल्या म्हणून, सोडून दिलं होतं.

पोरगी म्हणाली, "आई, एका दिवसाच्या मापावर ठरवायचं नसतं. उद्या सकाळी आणि परवा परत घेऊ, लिहून ठेवू, आणि मग मॅडमकडं नेऊ." मी माझं रजिस्टर आणलं. तिनं त्यात आत्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, तारीख आणि वेळ लिहिली, आणि पुढं दोन्ही मापं.